परभाषेची पायरी : बुलढाणा जिल्ह्यातील भाषाशिक्षणाच्या पद्धतींचा ऐतिहासिक विचार

परक्या भाषेचा पहिला शब्द मुलाच्या पदरी कोणत्या मार्गाने पडतो, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वर्गाध्यापकाच्या सोयीचा वाटतो. परंतु एखाद्या प्रदेशाच्या शिक्षणेतिहासात त्याचा मागोवा घेतला असता असे दिसून येते की, शाळेत कोण टिकले व कोण गळाले, याचे उत्तर पुष्कळ अंशी या एका प्रश्नात सामावलेले असते. या दृष्टीने बुलढाणा जिल्हा अभ्यासास विशेष अनुकूल आहे. मराठी घरातील मूल इंग्रजी कसे शिकले, हा येथील शिक्षणाच्या इतिहासाचा एक भाग होय. आणि जेथे मराठी हीच परकी भाषा आहे, अशा घरातील मूल मराठी कसे शिकले, हा त्याचा दुसरा भाग होय. पहिल्याची चर्चा पुष्कळ झाली, दुसऱ्याची फारच थोडी. वस्तुतः दोहोंचे तत्त्व एकच आहे, आणि ते स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जिल्ह्याची भाषिक रचना

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे या जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा व सिंदखेड राजा हा प्रदेश घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हा पूर्णेच्या खोऱ्यातील कापसाचा प्रदेश घाटाखालचा. उत्तरेस जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके सातपुड्याच्या पायथ्यास जाऊन भिडतात. खामगाव व जळगाव हे दोन तालुके १९०५ च्या पुनर्रचनेत अकोला जिल्ह्यातून बुलढाण्यात आले. तेव्हापासून सातपुड्याची ही कड या जिल्ह्याचा भाग झाली.

बोलीच्या दृष्टीने घाटाखाली वऱ्हाडी बोली चालते, तर घाटावरील बोली मराठवाड्याच्या वळणाकडे झुकते. सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू ही मुंडा कुळातील भाषा व निहाली ही कोणत्याच ज्ञात कुळात न बसणारी भाषा बोलणारी कुटुंबे आहेत. शाळेत मात्र या सर्वांपुढे येते ती छापील पुस्तकाची प्रमाण मराठी आणि तिच्या मागोमाग इंग्रजी.

अक्षर, उच्चार आणि अर्थ

कोणतीही भाषा वाचावयास शिकताना तीन गोष्टींची सांगड घालावी लागते : डोळ्यांना दिसणारे अक्षर, कानाला ऐकू येणारा उच्चार आणि मनात उभा राहणारा अर्थ. जुन्या पंतोजींच्या शाळेत या तिहींपैकी दोन गोष्टी मुलाने घरून आणलेल्या असत. धुळपाटीवर बोटाने गिरवलेले अक्षर तेवढे नवे. उच्चार व अर्थ त्याच्या घरचे. त्यातही पाढे, पावकी, निमकी, दिडकी यांची उजळणी अगोदर मुखोद्गत होई आणि लिहिण्याची पाळी मागाहून येई. या शाळांचे दोष पुष्कळ होते. छडीचा धाक होता, वाचनास पुस्तके नव्हती, आणि बहुसंख्य जातींच्या मुलांना व सर्वच जातींच्या मुलींना तिचे दार बहुधा बंद होते. तथापि ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाण्याचा क्रम तिच्यात आपोआप पाळला जात असे, हेही मान्य केले पाहिजे.

इंग्रजी आली तेव्हा हा क्रम मोडला. तिचे अक्षर नवे, उच्चार नवा आणि अर्थही नवा. शिवाय बाळबोध लिपीत अक्षर आणि उच्चार यांचा जसा जवळजवळ नेमका मेळ असतो, तसा इंग्रजीत नसतो. काही अक्षरे लिहावयाची पण उच्चारावयाची नाहीत, एकाच अक्षराचे ठिकठिकाणी निराळे उच्चार करावयाचे, हा प्रकार बाराखडीवर वाढलेल्या मुलास चमत्कारिक वाटल्यास नवल नाही. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते, इंग्रजीत त्याचे कार्य करणारा शब्द नामाच्या पुढे येतो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी विसावते, इंग्रजीत ते कर्त्यापाठोपाठ हजर होते. इंग्रजी नामामागील उपपदांना तर मराठीत जोडच नाही. या अडचणींतून वाट काढण्याचे जे जे प्रयत्न झाले, त्यांचाच इतिहास म्हणजे अध्यापनपद्धतींचा इतिहास होय.

भाषांतराची पद्धत

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८५४ मध्ये, वुड यांचा सुप्रसिद्ध शैक्षणिक खलिता निघाला. वरच्या शिक्षणास इंग्रजी व सामान्य जनांच्या शिक्षणास देशी भाषा, अशी वाटणी त्यात सांगितली होती. वऱ्हाडात शिक्षणखाते सुरू झाले ते त्यानंतर सुमारे बारा वर्षांनी. सरकारी हायस्कुले अकोला व अमरावती येथे असल्याने बुलढाणा, मेहकर किंवा मलकापूरकडच्या मुलास मराठी शाळेपुढचे शिक्षण घ्यावयाचे तर बहुधा घर सोडावे लागे. इंग्रजी शिकणे म्हणजे परगावी राहणे, आणि परगावी राहणे म्हणजे खर्च. हा हिशोब पुढे दीर्घकाळ टिकला.

वऱ्हाडचे शिक्षण प्रारंभी मुंबई इलाख्याच्या वळणाने चालले. साहजिकच तेथे तयार झालेली साधने इकडे आली. १८३१ चा मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश, १८४७ चा मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश आणि दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे १८३६ चे मराठी व्याकरण या ग्रंथांनी दोन भाषांमधील पुलाचे खांब उभे केले. त्या खांबांवर शाळेतील नित्याची पद्धत उभी राहिली. तिचे सार वर्गावर्गांतून घुमणाऱ्या एका पालुपदात आले आहे : ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’. आधी अक्षरांची नावे, मग उच्चार, मग मराठी अर्थ. या घोकंपट्टीची थट्टा पुष्कळांनी केली आहे. परंतु तिच्यातील शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. अक्षर व उच्चार ही दोन ओझी मुलाच्या डोक्यावर चढवीत असताना अर्थाचे तिसरे ओझे ती उतरवून घेत असे.

पुढे तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’ या पद्धतीचा आदर्श ठरली. नियम मराठीत सांगावयाचा, थोडे शब्द अर्थासह द्यावयाचे, त्या शब्दांनीच बनलेली वाक्ये इंग्रजीतून मराठीत व मराठीतून इंग्रजीत करावयास लावावयाची, आणि पुढच्या पाठात मागचे शब्द पुन्हा आणावयाचे, अशी तिची मांडणी. या मांडणीचा गुण असा की, ज्या गावी इंग्रजी बोलणारा एकही मनुष्य नाही, त्या गावी एकटा विद्यार्थीही तिच्या साहाय्याने मजल मारू शके. महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजीचे पहिले धडे या पुस्तकांतून गिरवले, याचे कारण हेच होय.

या पद्धतीने केवळ इंग्रजी शिकवली असे नव्हे. मराठीकडे पाहण्याची दृष्टीही तिने बदलली. गोपाळ गणेश आगरकर अकोल्याच्या हायस्कुलातून १८७५ मध्ये मॅट्रिक झाले. पुढे त्यांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे रूपांतर केले आणि १८८८ मध्ये ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हा ग्रंथ लिहिला. इंग्रजी व्याकरणातील वाक्यपृथक्करणाची रीत त्यांनी त्यात मराठी वाक्यास लावून दाखवली. अकोल्याच्याच हायस्कुलाशी निगडित असलेले व पुढे वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात वरिष्ठ पदावर चढलेले विष्णु मोरेश्वर महाजनी यांनीही शेक्सपिअरची नाटके मराठीत आणली. १९०७ मध्ये पुण्यास भरलेल्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. एका भाषेचे वाक्य उलगडून दुसऱ्या भाषेत पुन्हा विणण्याची शाळेत लागलेली सवय वाङ्मयातही कशी फळास आली, याची ही दोन उदाहरणे होत.

पुलाचा अलीकडचा काठ

भाषांतरपद्धतीचा खरा दोष घोकंपट्टी हा नव्हे. तिचा दोष असा की, पुलाचा अलीकडचा काठ कोठे आहे याविषयी तिचा अंदाज चुकला. तिने गृहीत धरलेली मराठी ही पुण्या-मुंबईच्या छापील पुस्तकांची मराठी होती. खामगाव किंवा शेगावकडच्या शेतकऱ्याचे मूल घरी ‘मला’ म्हणत नसे, ‘मले’ म्हणे. ‘डोळा’ म्हणत नसे, ‘डोया’ म्हणे. ‘तो जात आहे’ याऐवजी ‘तो जाऊन रायला’ असे म्हणे. इंग्रजी वाक्याचे भाषांतर करताना त्यास प्रथम आपल्या बोलीतून प्रमाण मराठीत यावे लागे आणि तेथून इंग्रजीत जावे लागे. ज्याच्या घरी प्रमाण मराठी बोलली जाई, त्याची एक पायरी वाचे. परीक्षेत हा फरक बुद्धीचा म्हणून गणला गेला. प्रत्यक्षात तो अंतराचा फरक होता.

विशेष असे की, बोली ही येथे अडचण नसून साधनही होऊ शकली असती. चालू असलेल्या क्रियेसाठी वऱ्हाडीत ‘जाऊन रायला’ असे स्वतंत्र व ठसठशीत रूप आहे. इंग्रजीतील अपूर्ण वर्तमानकाळ समजावून देण्यास याहून सोयीचे उदाहरण शोधून सापडणार नाही. परंतु अशुद्ध म्हणून ज्या रूपाबद्दल मुलास वर्गात टोकले जाई, त्याच रूपाचा उपयोग पाठ शिकवण्यासाठी करावा, ही कल्पना त्या काळच्या पाठ्यपुस्तकांना सुचण्याजोगी नव्हती.

शाळेबाहेर मात्र निराळेच दृश्य दिसत होते. भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके त्यावर वसली. जलंब ते खामगाव हा फाटा १८७० मध्ये खुला झाला व त्या प्रसंगी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावास आले होते. खामगाव ही कापसाची मोठी पेठ झाली, सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने निघाले. त्यांच्याबरोबर टेसन, तिकीट, पार्सल, सिंगल, जीन, प्रेस, इंजिन, कोर्ट, समन्स असे कितीतरी शब्द अक्षरशत्रू माणसांच्याही तोंडी बसले. या शब्दांचे कोणी स्पेलिंग घोकले नव्हते की अर्थ पाठ केला नव्हता. वस्तू समोर होती, तिच्याशी काम होते, आणि शब्द रोज कानावर पडत होता. शब्दसंग्रह वाढण्याचे तीन मोठे नियम, म्हणजे प्रत्यक्षता, प्रयोजन व पुनरावृत्ती, यांचा पाठ कापसाच्या बाजाराने शाळेच्या आधीच देऊन ठेवला होता. शाळेने मात्र आपली यादी त्या बाजारातून घेतली नाही.

दार कोणासाठी

इंग्रजी ही नोकरीची व न्यायकचेरीची भाषा असल्यामुळे ती शिकवण्याची पद्धत हा केवळ शिक्षणशास्त्राचा विषय उरत नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना सरकारचा शिक्षणावरील खर्च वरिष्ठ वर्गांकडे वळतो व ज्यांच्या करातून तो होतो ती रयत प्राथमिक शिक्षणापासूनही वंचित राहते, असे प्रतिपादले होते. या विचाराचे बुलढाणा जिल्ह्याशी जवळचे नाते आहे. फुले यांचे पहिले विस्तृत मराठी चरित्र १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले, ते याच जिल्ह्यातील सत्यशोधक कार्यकर्ते पंढरीनाथ सीताराम पाटील यांच्या लेखणीतून.

याच सुमारास हे दार थोडे किलकिले होऊ लागले. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या हायस्कुलांत १९२२ च्या सुमारास देशी भाषा हे शिक्षणाचे माध्यम होऊ लागले. इतिहास, भूगोल, गणित हे विषय मराठीतून शिकण्याची सोय झाली आणि इंग्रजी हा स्वतंत्र विषय म्हणून उरला. असहकारितेच्या काळात खामगावात टिळक राष्ट्रीय विद्यालय उभे राहिले. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ मध्ये अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा पाया घातला व तिच्या शाळा वऱ्हाडभर पसरल्या. १९३७ मध्ये वर्ध्यास मांडल्या गेलेल्या मूलोद्योग शिक्षणाच्या योजनेने तर सात वर्षांचे शिक्षण मातृभाषेतून व इंग्रजीवाचून व्हावे, असे सुचवले.

या घडामोडींचा परिणाम असा झाला की, ज्यांच्या घरी पूर्वी कोणीच शाळेत गेले नव्हते अशी मुले इंग्रजीच्या वर्गात येऊन बसली. घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, पुस्तकाखेरीज इंग्रजीचा एकही शब्द कानावर पडण्याचा संभव नाही, आणि बोली प्रमाण मराठीहून दूर, अशा मुलांसाठी कोणती पद्धत योग्य, हा प्रश्न आता खऱ्या अर्थाने उपस्थित झाला.

मातृभाषेस वर्गाबाहेर ठेवणाऱ्या पद्धती

याच काळात इंग्रजीच्या अध्यापनात नवे वारे वाहू लागले होते. मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात काम केलेले व पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले पी. सी. रेन यांनी १९११ च्या सुमारास प्रत्यक्ष पद्धतीचा पुरस्कार करणारे पुस्तक भारतीय शाळांसाठी लिहिले. वस्तू दाखवावी, कृती करावी, चित्र काढावे व इंग्रजी शब्द थेट उच्चारावा. मध्ये मराठीस आणू नये, हे या पद्धतीचे सूत्र. तत्त्व म्हणून ते चुकीचे नव्हते. खामगावच्या बाजारात टेसन व तिकीट हे शब्द याच रीतीने रुजले होते. परंतु या पद्धतीस अस्खलित इंग्रजी बोलणारा शिक्षक, लहान वर्ग व भरपूर तासिका लागतात. या तिन्ही गोष्टी तालुक्याच्या शाळेत दुर्मिळ होत्या. ज्या शिक्षकाने स्वतः इंग्रजी भाषांतरानेच मिळवली, त्याला भाषांतर करू नका असे सांगणे म्हणजे त्याच्या हातातील एकमेव हत्यार काढून घेणे होते. परिणामी बहुतेक ठिकाणी तपासनीसापुढे प्रत्यक्ष पद्धत व एरवी भाषांतर, अशी दुहेरी व्यवस्था चालली असल्यास त्यात शिक्षकांचा दोष थोडाच होता.

याहून अधिक व्यवहार्य विचार ढाक्क्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी मांडला. १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्विभाषिकतेवरील आपल्या ग्रंथात त्यांनी बंगालमधील मुलाची खरी गरज इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची आहे, असे प्रतिपादले. त्यांनी वाचनपुस्तकांतील शब्द मोजले, दुर्मिळ शब्द काढून नित्याचे घातले, नवे शब्द एकाच पानावर न कोंबता अंतराअंतराने पेरले व प्रत्येक नवा शब्द पुढे वारंवार येईल अशी योजना केली. सुमारे दोन हजार अत्यावश्यक शब्दांची त्यांची सुप्रसिद्ध यादी १९५३ मध्ये निघाली. किती शब्द शिकवले यापेक्षा कोणते व किती वेळा भेटले, याला महत्त्व आहे, हा वेस्ट यांचा निष्कर्ष आजही ढळलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर रचनापद्धतीचा प्रसार झाला. मद्रास राज्यात तिचा मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाला, १९५८ मध्ये हैदराबादेस इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली, आणि वाक्यरचनांची सोप्याकडून कठिणाकडे जाणारी उतरंड लावून तोंडी सरावाने ती पक्की करावी, असा आग्रह सुरू झाला. बुलढाणा जिल्ह्यात हा बदल राजकीय स्थित्यंतराबरोबर आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मध्यप्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या राज्यात इंग्रजीचा आरंभ त्या वेळी आठव्या इयत्तेत होत असे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर तो पुन्हा पाचवीपर्यंत खाली आला आणि २००० मध्ये मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू करण्याचा निर्णय झाला. पुढे गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे, सेमी इंग्रजी म्हणून ओळखले जाणारे वर्गही गावोगावी निघाले.

या सर्व चर्चेत इंग्रजी कितव्या वर्षी सुरू करावी यावर जेवढी शाई खर्च झाली, तेवढी ती कोणत्या आधारावर सुरू करावी यावर झाली नाही. पहिलीतल्या मुलास मराठी अक्षरे अद्याप स्थिर झालेली नसतात. अशा वेळी तोंडी गाणी, सूचना, वस्तूंची नावे यांपुरती इंग्रजी ठेवली तर ती कानावर संस्कार करते. लिपीचा आग्रह धरला तर दोन्ही लिप्यांचे वाचन एकमेकांस अडवण्याचा संभव असतो. एका भाषेत वाचनाची किल्ली हाती आली म्हणजे तीच दुसऱ्या भाषेचे कुलूप उघडण्यास उपयोगी पडते. मराठी सुलभतेने वाचणारे मूल इंग्रजी वाचनाकडे वळते, तेव्हा अक्षरे ध्वनी दर्शवतात व वाक्ये अर्थ सांगतात, हे त्यास पुन्हा शिकवावे लागत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी

येथवरच्या विवेचनात मराठी ही मुलाच्या घरची भाषा आहे, असे गृहीत धरले आहे. जळगाव जामोद तालुक्यात हे गृहीत ढासळते. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा, वसाली अशा गावांच्या परिसरात निहाली भाषा बोलणारी माणसे आहेत. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ च्या खंडात तिची नोंद कोरकूच्या अनुषंगाने झाली. सुधिभूषण भट्टाचार्य यांनी १९५० नंतरच्या दशकात तिची टिपणे केली व डच पंडित कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे आशा मुंडले यांनी निहालांत राहून-फिरून तिचा शब्दसंग्रह जमवला. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. के. एस. नागराज यांचे तिच्यावरील पुस्तक २०१४ मध्ये आले. कोरकू, मराठी, हिंदी व द्राविडी भाषांतून या भाषेने विपुल शब्द घेतले आहेत. तरीही सुमारे चतुर्थांश शब्द असे उरतात की ज्यांचे नाते भारतातील दुसऱ्या कोणत्याही भाषेशी जुळत नाही. बोलणाऱ्यांची संख्या दोन-अडीच हजारांच्या आसपास मानली जाते. दहा हजारांहून कमी भाषिक असलेल्या भाषा जनगणनेच्या कोष्टकांत स्वतंत्रपणे दाखवल्या जात नसल्याने ही भाषा तेथे दिसतच नाही.

अशा घरातील मूल पहिलीत येते तेव्हा त्याची स्थिती १८७० मधील इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलापेक्षाही बिकट असते. त्या मुलास निदान ‘कॅट म्हणजे मांजर’ असे सांगणारा शिक्षक होता. येथे ‘मांजर म्हणजे काय’ हे मुलाच्या भाषेत सांगणारा बहुधा कोणी नसतो. अक्षर नवे, उच्चार नवा आणि अर्थ देण्याचे साधनही नाही. कोरकू मुलाची अडचण आणखी वेगळी. कोरकूत सजीव व निर्जीव असा भेद आहे, पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग असा नाही. उलट संस्कृताप्रमाणे तिच्यात द्विवचन आहे. ‘मुलगी आला’ असे ते मूल बोलले तर त्याने चूक केली नसते. आपल्या भाषेचा नियम मराठीस लावलेला असतो. इंग्रजी शिकणारे मराठी मूल उपपद गाळते, ते अगदी याच न्यायाने. एकाची चूक हसून दुरुस्त होते, दुसऱ्याची मंदबुद्धीत जमा होते.

येथे एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या १ नोव्हेंबर १९५६ रोजी बुलढाणा मुंबई राज्यात आला, त्याच दिवशी राज्यघटनेची सातवी दुरुस्ती अमलात आली. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची पुरेशी सोय करावी, असे सांगणारे कलम ३५० अ तिने घटनेत घातले. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमानेही शक्य तेथवर माध्यम मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. तत्त्व मान्य आहे. उणीव आहे ती पद्धतीची.

ती पद्धत सर्वस्वी नव्याने शोधावी लागेल असेही नाही. काही काळ अमरावतीस राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी शिक्षणकार्य केले. शाळा मुलांच्या अंगणात नेणे, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा भरवणे, बी-बिया, पाने, शंख अशा परिसरातील वस्तूंपासून साधने बनवणे, ही त्यांची रीत. निहाली व कोरकू मुलांच्या बाबतीत याच रीतीस भाषेची जोड द्यावयास हवी. निहालीत दोन व चार यांचे शब्द द्राविडी वळणाचे आहेत, पण पाच व त्यापुढील संख्यांचे शब्द आर्यभाषांतून आलेले आहेत. म्हणजे मोजणीत मराठीची अर्धी वाट मुलाने घरीच चाललेली असते; त्या शब्दांपासून आरंभ केला तर पहिला दिवस अपयशाचा होणार नाही. गावातील एखाद्या जाणत्या स्त्रीस वर्गात बोलावून वस्तूंची नावे तिच्या भाषेत व मराठीत जोडीने वदवून घेणे, तिने सांगितलेली छोटी गोष्ट बाळबोध लिपीत फळ्यावर लिहून तीच प्रथम वाचावयास देणे, यास मोठा खर्च लागत नाही. लिपी नवी असली तरी उच्चार व अर्थ घरचे राहतात. आणि पंतोजींच्या शाळेत जी सोय काही मोजक्या मुलांना जन्माने मिळत होती, ती या मुलांना योजनापूर्वक मिळते.

समारोप

पंतोजींच्या धुळपाटीपासून सेमी इंग्रजीपर्यंतच्या या प्रवासात पद्धती अनेक आल्या व गेल्या. त्यांतील जी यशस्वी झाली, तिने अक्षर, उच्चार व अर्थ या तिहींपैकी निदान एक गोष्ट मुलाच्या ओळखीची ठेवली. जी फसली, तिने तिन्ही एकदम हिरावून घेतल्या. भाषांतरपद्धतीचे बळ व तिचा दोष या एकाच कसोटीवर समजतात. घरची भाषा ही परभाषेच्या मार्गातील धोंड नसून पहिली पायरी होय. मराठी भाषिकांनी इंग्रजीच्या संदर्भात ही गोष्ट स्वतःसाठी वेळोवेळी आग्रहाने मांडली, आणि ते योग्यच झाले. परंतु तोच न्याय सातपुड्याच्या पायथ्याशी मराठी शिकू पाहणाऱ्या मुलास लावला जात नाही, तोवर त्या आग्रहात तत्त्व किती व सोय किती, हे सांगणे कठीण आहे. निहाली बोलणारी पिढी हयात आहे तोवरच तिच्या शब्दांवरून मराठीत येण्याची वाट बांधता येईल. ही वाट बांधली गेली तर एका मुलास दोन भाषा लाभतील. न बांधली तर एक भाषा जाईल आणि दुसरी येईलच याची शाश्वती नाही.